मैनोद्दीनचं खारं पाणी

परवा आमच्या ऑफिसातल्या एका नव्या इंजिनिअरनं मला विचारलं, "सर, आपल्या सामानाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढं 'जोडी' असा एक रकाना असतो, तो कशासाठी?" मी चष्मा पुसत म्हणालो, "ती आपली पद्धत आहे." आपली म्हणे! पोरगा मान डोलावून गेला, आणि मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. ती पद्धत माझी नाही, मैनोद्दीनची आहे. मी फक्त रकाना आखला.

खरं सांगायचं तर या माणसाबद्दल मी चांगलं लिहीन याची माझी मलाच खात्री नाही. शाळा सुटल्यापासून मी त्याच्यावर जळत आलोय. माझी बायको म्हणते, तुमच्या पोटात दुखायला लागलं की मैनूभाईंचं नाव निघतं. तिचं काही चुकत नाही.

मैनोद्दीन शेख मूळचा उदगीरचा. वडील लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मापाडी होते, म्हणजे दिवसभर पोत्यांची मापं घ्यायचे. मैनोद्दीन स्वतः बुटका, रुंद, कानावर पेन्सिल, आणि खिशात जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर तो याद्या लिहायचा. त्या याद्या त्याच्याशिवाय कुणाला वाचता यायच्या नाहीत. बोलणं तुटक. समोरचा कितीही लांब बोलला तरी हा शेवटी एवढंच विचारायचा, "बरं, मंग?" त्या 'मंग'नं भलेभले गडबडायचे.

आणखी एक सवय होती. कुठलंही पाणी तो आधी चाखायचा. टँकर येवो, माठ येवो, लग्नातलं पिंप येवो. तळहातावर घ्यायचं, जिभेला लावायचं, मान हलवायची, मगच दुसऱ्याला द्यायचं. आम्हा लातूरकरांना पाण्याचं वेड असतं, पण हा जरा अतीच करायचा. मी चारचौघांत त्याची टिंगल करायचो. त्याला काही फरक पडायचा नाही, आणि टिंगलीनं फरक न पडणारा माणूस किती छळतो ते ज्याचं त्याला माहीत.

किल्लारीकडं भूकंप झाला त्या साली आम्ही दोघं बारावीला होतो. क्लासेस बंद पडले, तेव्हा आमच्या फिजिक्सच्या सरांनी पाच-सहा पोरांना औशाला मदतीच्या गोदामावर पाठवलं. देशभरातून ट्रक येत होते. उंच टाचांच्या सँडली आल्या, कोट आले, नऊवारी नेसणाऱ्या बायांसाठी स्कर्टसुद्धा आले. मी पहिल्याच दिवशी मोठं रजिस्टर काढलं, पट्टीनं दहा रकाने आखले, लाल शाईनं मथळे लिहिले. अक्षर माझं मोत्यासारखं. तहसीलदार आले आणि म्हणाले, "पन्नास कंदील लगेच गाडीत टाका." मी पानं उलटायला लागलो. मैनोद्दीन पोत्यावर बसला होता, तिथूनच बोलला, "कंदील हायत साहेब. पर रॉकेल न्हाई. नुसते कंदील घेऊन काय करता?"

तहसीलदार थांबले. "मग काय करू?"

"रॉकेलचा टँकर निलंग्याच्या वाटंवर हाय. दोन तास दम धरा, जोडीनंच न्या. आणि ते दुधाच्या पावडरीचे डबे हायत ना, त्येंच्यासंगं पाणी द्या. तिथल्या हिरी गढूळ झाल्यात."

त्याची ही जोडीची भाषा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. कुठलीच वस्तू एकटी कामाची नसते, तिची जोडी बघायची. कंदिलाला रॉकेल, पावडरीला पाणी, तंबूला खुंट्या. "जोडी न्हाई ती वस्तू मुकी," असं तो म्हणायचा. आठवडाभरात गोदामातली सगळी माणसं त्याला 'मैनूभाई' म्हणायला लागली. सतरा वर्षांचं पोरगं, आणि भाई! माझं रजिस्टर तसंच राहिलं. सगळ्यात सुंदर पान पहिलं होतं.

पुढं मी बोर्डात चमकलो. पेपरात फोटो आला, क्लासच्या फळीवर माझं नाव रंगवलं गेलं. तेव्हा लातूरला गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या आणि परगावची पोरं ट्रंका घेऊन खोल्या शोधत फिरत होती. त्या पोरांना सर माझं नाव दाखवायचे. मैनोद्दीन कसाबसा पास झाला. सत्काराच्या दिवशी मी हार घालून स्टेजवर उभा, आणि सर माईकवर विचारतात, "आपला मैनोद्दीन कुठाय?" तो मागं खुर्च्या लावत होता. सर म्हणाले, "हा पोरगा गणित सोडवत नाही. पण गणितात काय दिलेलं नाही, ते याला आधी दिसतं." टाळ्या पडल्या. माझ्या सत्कारात! तो हार मी घरी गेल्यावर म्हशीला घातला.

मी इंजिनिअरिंगला नांदेडला गेलो. हा अर्धापूरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडं गाड्या भरायला लागला. रविवारी केळीचा फणा घेऊन माझ्या होस्टेलवर यायचा. महिन्याभरात असं झालं, की रविवारी माझे मित्र मला नाही, त्याला शोधायचे. तो त्यांना घड कधी कापायचा, दिल्लीची गाडी किती तासांत सुटली पाहिजे, वाटेत घाट किती, हे सांगत बसायचा. मला आत बसून थर्मोडायनॅमिक्स वाचवत नसे.

नंतर मी पुण्याच्या एका पवनचक्क्यांच्या कंपनीत लागलो. डोंगरावर चक्क्या उभ्या करायचो. लांबलचक पाती गावातल्या वळणांतून नेताना घाम फुटायचा, सामान वेळेवर पोचायचं नाही. एक दिवस वैतागून मीच साहेबांना म्हणालो, माझ्या गावाकडचा एक माणूस आहे, स्टोअर सांभाळेल. तेवढं वाक्य तोंडातून गेलं आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभरात साहेब मला फोन करून विचारायला लागले, "मैनूभाई आहेत का तिथं?"

चारचौघांत तो मला 'साहेब' म्हणायचा. एकटे असलो की 'दिल्या'. मला दोन्हीचा राग यायचा.

मग कंपनीला समुद्रात चक्क्या उभ्या करायचं वेड लागलं. किनाऱ्यापासून लांब, गुजरातच्या बाजूला. आधी समुद्रात वारं मोजायचा एक मनोरा उभा करायचा, तो जमला तर पुढं चक्क्यांचं अख्खं शेत. या कामाचा बंदरावरचा प्रमुख कोण होणार, ते ठरायचं होतं. प्रमुखाला बंदराजवळ क्वार्टर मिळणार होतं. मला ते पद हवं होतं, कारण ते मोठं होतं. मैनोद्दीनला हवं होतं ते त्याच्या अम्मीसाठी. ती उदगीर-लातूरच्या पलीकडं कधी गेली नव्हती. आयुष्यभर हंडे मोजलेली बाई. तो मला म्हणाला होता, "दिल्या, अम्मीला एकदा खिडकीत बसवून पाणीच पाणी दाखवायचंय. टँकरची वाट न बघता."

मोठ्या मीटिंगला मी चाळीस स्लाइड्स केल्या होत्या. सोमण साहेब आमचे वरिष्ठ. त्यांनी अकराव्या स्लाइडला हात वर केला. "दिलीप, समुद्रात वारं आहे, परवानगी आहे. मग अडलंय कुठं ते एका दमात सांग." मी पाणी प्यायलो. तेवढ्यात त्यांनी मागं बघितलं. "मैनूभाई, तुम्ही बोला."

मैनोद्दीन उभा राहिला, खिशातून लग्नपत्रिका काढली. "साहेब, समुद्रातली चक्की म्हंजे सगळी जोडीची भानगड हाय. पातं हाय, तर उचलाया क्रेन पायजे. क्रेनला उभं राहाया जहाज पायजे, तळात पाय रोवून उभं राहतंय तसलं. तसली जहाजं आपल्याकडं न्हाईत, बाहेर देशातून येणार, म्हंजे तारीख त्येंच्या हातात. जहाज आलं तर बंदर खोल पायजे. बंदर खोल हाय, तर धक्का मजबूत पायजे, न्हाईतर लोखंडी खांब ठिवला की फरशी खाली. तारा हायत, तर त्या तळात पुराया येगळं जहाज. येगळी माणसं. पोहता येणारी."

"आणि हे सगळं जुळलं तर?"

"तर मंग समुद्र गप पायजे. वाऱ्यासाठी जायाचं आन् वारं पडायची वाट बघायची. पावसाळ्याच्या आधी चार-सहा दिवस मिळत्यात. ही अर्धापूरची केळी हाय साहेब, घड कापला की घड्याळ सुरू."

सोमण साहेबांनी प्रोजेक्टर बंद केला. मग मला म्हणाले, "दिलीप, तुझ्या स्लाइड्स ठेव. यांची यादी टाइप करून घे." त्या दिवशी मी घरी पायी गेलो. बायकोनं विचारलं, गाडी बिघडली का? मी म्हटलं, हो.

यादी त्यानं वाचून दाखवली, मीच टाइप केली. त्यात त्याची एक ओळ होती: 'पाणी, गोडं. मसाल्यासाठी. जोडी: टाकी, धुतलेली, चाखलेली.' मसाला म्हणजे खास सिमेंटचा. समुद्राच्या तळात एक जाड पोलादी खांब ठोकायचा, त्यावर मनोऱ्याचा दुसरा तुकडा चढवायचा, आणि दोघांच्या मधल्या फटीत हा मसाला भरायचा. तो धरला तर मनोरा उभा. ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं. चाखलेली! मसाल्याला कसलं गोडं पाणी? लातूरला अख्खी घरं बोअरच्या पाण्यावर बांधली जातात. आमच्याकडं दोन नळ असतात. गोडं म्हणजे प्यायचं, खारं म्हणजे बोअरचं. भांडी, कपडे, बांधकाम सगळं खाऱ्यावर. मला वाटलं, हा आता मला इंजिनिअरिंग शिकवणार. तो गेल्यावर मी ती ओळच काढून टाकली. आणि बार्ज, म्हणजे तो सपाट तरंगता तराफा, ज्याच्याकडून भाड्यानं घेतला होता त्या जयेशभाईला फोन केला. त्यानं विचारलं, "साहब, मिक्सिंग का टंकी में कौन सा पानी भरूँ?" मी ऐटीत सांगितलं, "खारा चलेगा."

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला मी सांगितलं, खारा चलेगा. त्यानं इमानदारीत पंप लावला आणि समुद्र भरला.

कामाच्या दिवशी आम्ही दोघंही बार्जवर होतो. किनारा दिसत नव्हता. खांब ठोकून झाला होता, वरचा तुकडा बसला होता, समुद्र ताटात ठेवलेल्या दुधासारखा शांत होता. हवामानवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर थेट पावसाळ्यानंतर. मसाल्याच्या गोण्या फोडायला माणसं पुढं झाली, आणि मैनोद्दीननं सवयीनं टाकीच्या नळाखाली तळहात धरला.

तो थुंकला. माझ्याकडं बघितलं. पुन्हा एक थेंब जिभेला लावला, जणू त्याला स्वतःवर विश्वास नव्हता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "दिल्या, तू फोनवर खारं म्हणलास का?"

त्याला एका क्षणात कळलं होतं. दुसरं कुणी असतं तर तासभर चौकशी केली असती. तो लातूरचा होता, त्याला शब्द ऐकू आला.

"हे आपलं खारं न्हाई गड्या," तो म्हणाला. "हे त्येंचं खारं हाय." आणि मी ज्या वेळात डोकं धरून बसलो, त्या वेळात तो वायरलेसवर होता. मासेमारीच्या धक्क्यावर बर्फाचा कारखाना होता. बर्फ गोड्या पाण्याचा असतो. त्या कारखान्याच्या माणसाबरोबर हा रोज सकाळी चहा प्यायचा, हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी तीन मासेमारी होड्या पिंपं घेऊन आल्या. यानं एकेक पिंप चाखलं. माणसांकडून टाकी, पाइप, मिक्सर सगळं दोनदा धुऊन घेतलं. मसाला दुसऱ्या दिवशी मुदतीच्या थोडंसं आधी भरून झाला, आणि तासाभरात लाटा उठल्या.

लाटा उठायच्या जरा आधी सोमण साहेब बोटीनं आले होते; वायरलेसवरून त्यांना सगळं कळलं होतं. काम झालं होतं, तरी ते संतापले होते. असा खेळ परत नको होता त्यांना. "समुद्राचं पाणी भरायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण शब्द यायच्या आधी मैनोद्दीन म्हणाला, "म्या सांगितलं साहेब. गावाकडचा शब्द तोंडात आला. आमच्याकडं बोअरला खारं म्हंत्यात."

"इतकी साधी चूक? तुमच्या हातात मी बंदर कसं देऊ मैनूभाई?"

मी तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

साहेब गेल्यावर कठड्याला टेकून मी त्याला विचारलं, "का केलंस?" मला खरं तर त्याची कॉलर धरायची होती. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तू आपल्या वर्गाचा पहिला. आज बी त्या फळीवर तुझं नाव हाय. तू असली चूक केली म्हणलं तर लातूरचं काय राहिलं? माझं काय, मापाड्याचं पोरगं. साहेब वराडतील आन् इसरतील."

साहेब विसरले नाहीत. बंदराचं पद मला मिळालं. क्वार्टर मला मिळालं. मैनोद्दीनला पुण्याच्या स्टोअरला परत बोलावलं, तिथून तो सहा महिन्यांत राजीनामा देऊन लातूरला गेला. मी एकदाही फोन केला नाही. केला असता तर खरं बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगू? मला तेव्हाही अपराधापेक्षा रागच जास्त आला. मोठेपणासुद्धा त्यानंच घ्यायचा होता, चूकसुद्धा माझी मला ठेवू दिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या क्लासची चौकशी करायला आम्ही लातूरला गेलो. बायको आणि मुलगी एका क्लासच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मी पाण्याची रिकामी बाटली घेऊन गल्लीत शिरलो. होस्टेलांची रांग, आणि मधे पाण्याच्या जारचं एक दुकान. बाहेर दोन नळ होते. एकावर रंगवलेलं 'गोडं'. दुसऱ्यावर 'खारं', आणि खाली कंसात 'बोअरचं'. लातूरला असला कंस घालायची कुणाला गरज आहे? मी तिथंच उभा राहिलो.

"दिल्या?" आतून आवाज आला. कानावर पेन्सिल तशीच. केस पांढरे. सावलीत बाजेवर त्याची अम्मी बसली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

"मैन्या," मी म्हणालो, "त्या दिवशी बार्जवर मी..."

"क्वार्टरमधून समुद्र दिसतो का रं?" त्यानं मधेच विचारलं.

"दिसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

"बेस झालं," तो म्हणाला, आणि अम्मीकडं वळला. "अम्मी, ये दिलीप साब. समंदर पे रहते."

म्हातारीनं हात पुढं करून माझं मनगट चाचपलं. "सच्ची? समंदर का पानी खारा रहता बोलते. अपने बोर के सरीका क्या?"

"नै अम्मी," मी म्हणालो. "उससे बहुत जास्ती."

"चखके देखे क्या तुम?"

मी हो म्हणणार होतो. इतकी वर्षं त्या खिडकीत चहा पितोय, पण एक बोट कधी त्या पाण्यात बुडवून जिभेवर ठेवलेलं नाही. म्हातारीचा हात माझ्या मनगटावर तसाच होता, आणि मला खोटं बोलता येईना.

"मैं चखा ना अम्मी," मैनोद्दीन म्हणाला. "दोनों के वास्ते चखा."

त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली. गोड्या नळाखाली तळहात धरला, जिभेला लावला, मान हलवली, आणि मगच बाटली भरली. झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली.

"गोडं हाय," तो म्हणाला. "ने."